पितळेचे पातेले आणि बालकाचे यकृत

यकृताच्या विकारांवरील जी पाठ्यपुस्तके आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हाती पडतात, त्यांत मद्य, विषाणू आणि अलीकडच्या काळात मेद ह्या तीन कारणांचा ऊहापोह विस्ताराने केलेला असतो. परंतु महाराष्ट्रापुरते बोलावयाचे झाल्यास यकृतसंशोधनातील सर्वांत विचारप्रवर्तक प्रकरण ह्या तिहींपैकी एकाशीही संबद्ध नाही. त्याचा संबंध दूध तापविण्याच्या भांड्याशी पोचतो. 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' ह्या नावाने जागतिक वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेला व ज्यास आपण सोयीसाठी बालयकृत्काठिण्य म्हणू, तो रोग दोन पिढ्यांपूर्वी आपल्याकडील बालरुग्णविभागांत नेहमी आढळे. आज तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. रोग गेला, पण तो नेमका कशाने झाला होता हे निर्णायकपणे सिद्ध होण्याच्या आतच तो गेला. प्रयोगशाळेने काय दाखविले, रुग्णालयाने काय दाखविले आणि ह्या दोहोंच्या मध्ये अनुमानाचा भाग किती, हे पाहण्यास ह्या रोगाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

रोगाचे पहिले वर्णन कलकत्त्याचे डॉ. सेन ह्यांनी १८८७ मध्ये केले. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे त्याचे रूप तेच राहिले. मूल साधारणतः सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या वयाचे. मुलींपेक्षा मुलगे अधिक. घर बहुधा खेड्यातील किंवा लहान गावातील, पण अन्नान्न दशेतील नव्हे. मूल किरकिर करू लागते, बारीक ताप येतो, भूक मंदावते, पोट फुगते. वैद्याने पोटावर हात ठेवला की यकृत वाढलेले लागते, आणि त्याची कड पानाच्या कडेसारखी पातळ, धारदार व टणक लागते. ही कड ओळखणे हे त्या काळच्या बालरोगतज्ज्ञाचे एक खास कसब होते. पुढे कावीळ उमटे, प्लीहा वाढे, जलोदर होई आणि बहुतेक मुले काही महिन्यांत यकृत निकामी होऊन, रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने दगावत. एका घरात एक मूल गेल्यावर पाठचे मूलही त्याच वयाला पोचताच त्याच रोगाने जावे, असेही घडे. ज्या घरांनी हे पाहिले त्यांना तो रोग म्हणजे कुळाला लागलेला शापच वाटला असल्यास नवल नाही.

यकृताच्या कार्याच्या ज्या चाचण्या आपण रोज करतो त्यांचा ह्या रोगात उपयोग किती, हे येथेच सांगितले पाहिजे. बिलिरुबिनचे प्रमाण, रक्तातील अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन-काल आणि १९५५ नंतर प्रचारात आलेली ट्रान्सअमिनेज एंझाइमे ह्या सर्व चाचण्या यकृताची इजा किती व उरलेली शक्ती किती ह्याचा अंदाज देतात. इजा कोणी केली ते त्या सांगत नाहीत. बालयकृत्काठिण्यात तर त्यांची मर्यादा विशेष जाणवे. रोगाच्या पहिल्या अवस्थेत बिलिरुबिन प्राकृत असू शके, आणि ते वाढले म्हणजे बहुधा उपचाराची वेळ टळलेली असे. हाताला लागणारी कड चाचणीच्या आकड्यापेक्षा आधी बोले. खरी वाट उघडली ती सुईने यकृताचा तुकडा काढण्याच्या पद्धतीने. मेंघिनी ह्यांची सुई १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि लहान मुलांतही हा तुकडा काही क्षणांत काढणे शक्य झाले.

तुकड्याखाली सूक्ष्मदर्शकास जे दिसले ते गोंधळात टाकणारे होते. यकृत्पेशी फुगलेल्या, त्यांत 'मॅलरी हायलीन' नावाचे गुलाबी पुंज, भोवती पांढऱ्या रक्तपेशी आणि एकेका पेशीला वेढीत सरकणारे बारीक तंतू. मॅलरी ह्यांनी हे पुंज १९११ मध्ये वर्णिले ते मद्यपींच्या यकृतात. दूधपित्या मुलाच्या यकृतात मद्यप्याची खूण सापडावी, हा विरोधाभास अनेक वर्षे रोगनिदानशास्त्रज्ञांना सतावीत राहिला. शिवाय मद्यपींच्या यकृतात हमखास आढळणारा मेद येथे नगण्य होता, आणि इजा झालेल्या यकृतात नव्या पेशी उगवून येण्याची जी धडपड दिसते तीही येथे फार थोडी होती. यकृत जणू सावरण्याचा प्रयत्नच करीत नसे.

कारणांचे तर्क पुष्कळ झाले. कुपोषण हा पहिला. पण कुपोषित मुलाच्या यकृतात मेद साठतो, असे तंतू नव्हे. विषाणूंचा तर्क झाला. १९६० मध्ये इंग्लंडात टर्की पक्ष्यांच्या साथीनंतर भुईमुगावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष कळले, तेव्हा साहजिकच आपल्याकडे त्याचा संशय आला. अफ्लाटॉक्सिन यकृतास घातक आहे ह्यात शंका नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा भागात बुरशी आलेला मका खाऊन माणसे काविळीने दगावली, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती साथ मोठ्या माणसांनाही लागली. बालयकृत्काठिण्य एका विशिष्ट वयाच्या बाहेर जात नाही, ह्या मूळ गोष्टीचा उलगडा बुरशीने होत नव्हता.

तांबे पुढे आले ते एका रंजकामुळे. ऑर्सीन हे रंजक यकृतातील हिपॅटायटिस बी विषाणूचे पृष्ठीय प्रतिजन दाखविते, असे शिकाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले होते. तेच रंजक तांब्याशी निगडित असलेल्या एका प्रथिनाचे कणही तपकिरी रंगवून दाखविते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील पोर्टमन, टॅनर, मोवॅट व विल्यम्स ह्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केले की बालयकृत्काठिण्याच्या तुकड्यांत असे कण भरपूर आढळतात. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष तांबे मोजले गेले. त्या कामात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि अ‍ॅबर्डीनच्या रोवेट संस्थेतील मिल्स व ब्रेमनर हे सहभागी होते. त्याच १९७९ साली पॉपर, गोल्डफिशर, स्टर्नलीब, नायक व माधवन ह्यांचाही तांब्याच्या पेशीघातक परिणामांवरील निबंध आला. प्राकृत प्रौढ यकृताच्या वाळविलेल्या एक ग्रॅम ऊतकात तांबे सुमारे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. ह्या मुलांच्या यकृतांत ते शेकड्यांनी, पुष्कळदा हजारांनी भरले. विल्सनच्या रोगात, म्हणजे तांबे साठण्याच्या सर्वांत प्रसिद्ध आनुवंशिक रोगात, जे आकडे मिळतात त्यांच्याही पुढे हे आकडे गेले.

येथे एक आक्षेप विद्यार्थ्यांच्या मनात यावयास हवा. यकृत तांबे बाहेर टाकते ते पित्तावाटे. तेव्हा पित्ताचा मार्ग अडला की तांबे आपोआप साठते. काही प्रौढ पित्तविकारांत ऑर्सीनचे कण दिसतात ते ह्याच कारणाने. मग बालयकृत्काठिण्यातील तांबे हे रोगाचे कारण की परिणाम? ह्यास त्या वेळी दोन उत्तरे दिली गेली. एक तर पित्तरोधात साठणारे तांबे सहसा इतके नसते. दुसरे म्हणजे कावीळ होण्यापूर्वीच्या, पित्तमार्ग मोकळा असलेल्या अवस्थेतही ते वाढलेले असते. विल्सनचा रोगही हा नव्हे; त्यात रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन बहुधा घटते, ह्या मुलांत ते प्राकृत किंवा वाढलेले आढळे, आणि डोळ्यांत विल्सनच्या रोगातील कड्याही नसत. पहिले उत्तर आकड्यांच्या तारतम्यावर उभे आहे, दुसरे काळाच्या क्रमावर. प्रस्तुत लेखकास दुसरे अधिक वजनदार वाटते.

आता हे तांबे येते कोठून? अर्भकाच्या यकृतात जन्मतः तांबे प्रौढापेक्षा पुष्कळ अधिक असते. गर्भावस्थेच्या अखेरीस ते शिदोरीसारखे भरून दिलेले असते आणि पहिल्या काही महिन्यांत उतरते. पित्तावाटे तांबे टाकण्याची शक्ती ह्या वयात अपुरी असते. अशा वेळी बाहेरून आणखी तांबे आले तर ते तुंबणार, हे ओघानेच आले. पण मातेच्या दुधात तांबे थोडे आणि गाई-म्हशीच्या दुधात त्याहूनही थोडे. म्हणजे दोष दुधात नाही. तो दूध ज्यात ठेवले त्यात असावा.

ह्या ठिकाणी आपल्याकडील स्वयंपाकघराकडे वळणे प्राप्त आहे. बोरघाटाच्या पायथ्याचा कर्जत-खालापूरचा मुलूख घ्या; नेरळ, कळंब, कर्जत ह्या बाजूच्या जुन्या घरांच्या माळ्यावर आजही पितळेची पातेली, तपेल्या व चरव्या सापडतील. रुखवतात आलेली ही भांडी एके काळी रोजच्या वापरात होती, आणि वरचेवर दारी येणारा कल्हईवाला भाता फुंकून, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून, कथलाचा पातळ लेप त्यांना आतून देत असे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, चिंच, आमटी ठेवू नये हे घरोघर ठाऊक होते. तसे ठेवलेले अन्न 'कळकते' हा शब्दच मराठीत आहे. चव बिघडते, हिरवट झाक येते, मळमळते. धातूच्या विषबाधेचे इतके नेमके क्रियापद फार थोड्या भाषांत असेल. परंतु ह्या ज्ञानाला एक सीमा होती. आंबट ते कळकते, एवढीच त्याची व्याप्ती. दूध आंबट नाही, ते कळकत नाही, त्याची चव बिघडत नाही. म्हणून कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात दूध तापविणे व त्यातच दिवसभर ठेवणे ह्यास कोणी हरकत घेतली नाही. त्याच परिसरातील ठाकूर-कातकऱ्यांच्या वस्त्यांत बहुधा मातीची आणि पुढे जर्मनची भांडी असत, आणि मुलास वरचे दूध क्वचितच मिळे. पितळ आणि दुभते ज्या घरी एकत्र नांदत ते घर त्या मानाने सुस्थितीतले. रोग दरिद्री घरांपुरता का नव्हता, ह्याचे एक उत्तर येथे संभवते.

पितळ हा तांबे व जस्त ह्यांचा मिश्रधातू असून त्यात तांब्याचाच अंश अधिक असतो. पितळी भांड्यात तापविलेल्या व साठविलेल्या दुधात तांबे किती उतरते ह्याचे प्रयोग ओनील व टॅनर ह्यांनी केले व १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. दूध तांबे उत्सुकतेने उचलते आणि त्यातील केसीन हे प्रथिन ते धरून ठेवते. पाण्याचे तसे नाही. साध्या पाण्यात तांबे त्या मानाने फार कमी उतरते. कल्हईचा थर शाबूत असला तर तो तांब्यास अडवितो. म्हणजे आंबटपणा नसतानाही दूध धातू ओढून घेते, आणि जीभ मात्र त्याची वर्दी देत नाही. घरगुती शहाणपणाला जी फट होती ती नेमकी येथे होती.

रुग्णालयातील पुरावा पुण्यात जमला. टॅनर, पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये असे सुचविले की तांबेमिश्रित जनावराचे दूध फार लवकर सुरू करणे हे रोगाचे संभाव्य कारण असावे. १९८७ मध्ये डॉ. शीला भावे, पंडित व टॅनर ह्यांनी रोगी मुले आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुले ह्यांच्या आहाराचा तौलनिक वृत्तांत दिला. रोगी मुलांचे अंगावरचे दूध लवकर तुटले होते व वरचे दूध पितळी भांड्यात तापविण्याची पद्धत त्यांच्या घरी अधिक होती. अशा अभ्यासाची एक स्वाभाविक दुर्बलता विसरता कामा नये. ज्या आईचे मूल आजारी आहे ती भांड्यांची आठवण जोडीच्या मुलाच्या आईपेक्षा कसोशीने करते. तथापि तपासणारे डॉक्टर काय शोधीत आहेत हे त्या वेळच्या खेड्यातील आईस ठाऊक असण्याचे कारण नव्हते, हेही खरे.

उपचाराचा पुरावाही त्याच गटाचा. पेनिसिलामाइन हे औषध शरीरातील तांबे बांधून लघवीवाटे बाहेर काढते. विल्सनच्या रोगात ते १९५० नंतरच्या दशकापासून वापरात आहे. पुण्यातील चाचण्यांचा वृत्तांत १९८७ मध्ये आला. कावीळ व जलोदर होऊन चुकलेल्या मुलांस त्याचा गुण आला नाही. कावीळ उमटण्यापूर्वी औषध सुरू झाले त्यांपैकी पुष्कळ दगावली तरी जी वाचली त्यांची संख्या पूर्वानुभवाच्या मानाने लक्षणीय होती. बावडेकर, भावे, प्रधान, पंडित व टॅनर ह्यांनी १९९६ मध्ये अशा वाचलेल्या मुलांचा अनेक वर्षांनंतरचा वृत्तांत दिला. मुले धडधाकट वाढली होती, आणि पुनःपुन्हा घेतलेल्या तुकड्यांत यकृताची रचना टप्प्याटप्प्याने निवळत जवळजवळ प्राकृत झालेली दिसली. काठिण्य आलेले यकृत माघारी फिरत नाही, अशी जी समजूत त्या काळी पाठ्यपुस्तकांत होती तिला हा मोठा अपवाद होता. हा पुरावा तांब्याच्या बाजूचा आहे, पण तोही अगदी निर्भेळ नाही; औषध देताना घरचे पितळेचे पातेलेही साहजिकच बाजूस होत असे, आणि पेनिसिलामाइनचे परिणाम तांब्यापुरतेच मर्यादित नाहीत.

हे सर्व वाचून पितळ दोषी ठरले असे वाटेल. दुसरी बाजू आता पाहू. दूध पितळेत तापविणारी घरे महाराष्ट्रात लक्षावधी होती. रोगी मुले त्या मानाने थोडीच. मॅसॅच्युसेट्स राज्यातील काही गावांच्या पिण्याच्या पाण्यात तांबे बरेच होते, तेथील मुलांचा आढावा शाइनबर्ग व स्टर्नलीब ह्यांनी १९९४ मध्ये घेतला. त्यांना यकृतविकाराने झालेला एकही बालमृत्यू आढळला नाही. म्हणजे तांबे एकटे पुरत नाही. ह्यास जोड मिळाली ती भारतापासून फार दूरच्या एका डोंगराळ प्रांतातून. ऑस्ट्रियातील टिरोल भागात १९०० ते १९७४ ह्या काळात १३८ बालके अशाच रोगाने दगावल्याची नोंद म्युलर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. तेथेही गाईचे दूध, तेथेही बिनकल्हईची तांब्याची भांडी. वंशावळी मांडल्यावर रोग अप्रभावी जनुकाच्या नियमाने उतरत असल्याचे दिसले. आणि भांडी बदलताच तो थांबला. जनुक तेच राहिले, फक्त ते जागे करणारे दूध गेले. आपल्याकडे एका घरातील पाठोपाठची भावंडे जात, ह्याची संगती अशा जोडकारणाने लागते. परंतु ते जनुक कोणते? विल्सनच्या रोगाचे जनुक १९९३ मध्ये सापडले, ते हे नव्हे. बेडलिंग्टन टेरियर जातीच्या कुत्र्यांत यकृतात तांबे साठते, त्यांचे जनुक २००२ मध्ये सापडल्यावर आपल्या रुग्णांतही ते तपासले गेले. तेथेही दोष मिळाला नाही.

सर्वांत कठोर आक्षेप घरातूनच आला. १९७९ च्या निबंधाचे एक लेखक असलेले नायक ह्यांनी मुंबईचे चितळे ह्यांच्यासह २०१३ मध्ये साऱ्या पुराव्याची फेरतपासणी केली आणि पितळी भांड्यातील दुधाचे तांबे हे मूळ कारण मानण्यास नकार दिला. तांबे साठते हे त्यांस मान्य आहे, साठण्याआधी यकृतास अन्य कशाने तरी इजा होते असा त्यांचा रोख आहे. त्यांच्या मताशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. ऑर्सीनपासून टिरोलपर्यंतचे धागे एकाच दिशेने ओढतात, आणि पर्यायी विषाचे नाव अद्याप कोणी सांगितलेले नाही. परंतु एक मुद्दा त्यांचा मान्यच केला पाहिजे. रोग ओसरला त्या सुमारास स्टेनलेस स्टील घरोघर आले हे खरे; पण त्याच वर्षांत आणखी पुष्कळ काही बदलले. दूध पिशवीतून येऊ लागले, अंगावरच्या दुधाचा प्रचार झाला, लसीकरण वाढले, मुलास द्यावयाची घुटी व काढे मागे पडले. ह्यांपैकी एकाच बदलाला सारे श्रेय देणे हे काळाच्या योगायोगाला कारण मानण्यासारखे आहे. नियंत्रित प्रयोग आता होणे नाही. रोगच उरला नाही, आणि असता तरी अर्भकास पितळेतील दूध पाजून पाहण्याची अनुज्ञा कोण देणार?

प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही, कारण माळ्यावरची भांडी पुन्हा खाली येऊ लागली आहेत. तांब्यापितळेची भांडी आरोग्यदायी म्हणून शहरांतील दुकानांत मोठ्या किमतीस विकली जात आहेत. प्रौढ माणसाने तांब्याच्या भांड्यातील पाणी पिणे ही एक गोष्ट आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे असण्यास जागतिक आरोग्य संघटनेचा आक्षेप नाही. सहा महिन्यांच्या मुलाचे दूध बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात तापविणे ही गोष्ट अगदी निराळी, आणि कल्हईवाला तर आता फार थोड्या गावांतून फिरतो. ज्या तरुण डॉक्टरांनी ती धारदार कड हाताने कधी अनुभवलेली नाही, त्यांच्यासमोर यकृत वाढलेले मूल आले तर ते विल्सनचा विचार करतील, विषाणूंच्या चाचण्या मागवतील. दूध कोणत्या भांड्यात तापते हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागलेली नसते.

राहिले त्या अज्ञात जनुकाचे. १९८० नंतरच्या दशकात पेनिसिलामाइनने वाचलेली मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. संपूर्ण जनुकसंचाचे वाचन आता आवाक्यातील किमतीत होते. जिवंत राहिलेल्या ह्या थोड्या व्यक्ती, त्यांचे आईवडील आणि निरोगी भावंडे ह्यांच्या रक्ताचे नमुने, शिवाय रोगनिदानविभागांत त्या काळचे मेणात जतन केलेले तुकडे राहिले असल्यास तेही, एवढ्या सामग्रीवर जो प्रश्न रुग्णशय्येजवळ आता सोडविता येत नाही तो प्रयोगशाळेत अजूनही हाती घेता येईल. आईवडिलांचे वय मात्र पुढे चालले आहे, आणि कोणत्या घरी कोणते पातेले होते हे सांगू शकणारे तेच आहेत.